कुंपणामागचे साक्षीदार

‘शेलह लेखा’ हा पाराशा ज्या शब्बाथला वाचला जातो, त्या सकाळी आपल्याला हेरांच्या दोन कथा ऐकायला मिळतात. पाराशात मोशे रब्बेनूंनी कनान देश पाहून येण्यासाठी पाठविलेले बारा सरदार येतात. त्याच दिवशीच्या हफ्तारात यहोशुआने यरीहोकडे गुपचूप धाडलेले दोघे येतात. बाराजणांना काय पाहायचे ते नेमके सांगितले होते : जमीन सुपीक की नापीक, लोक बळकट की दुबळे, थोडे की पुष्कळ, गावे उघडी की तटबंदीची. चाळीस दिवस हिंडून ते द्राक्षांचा घोस घेऊन परत आले. पण त्यांच्यापैकी दहाजणांनी पाहिलेल्या गोष्टीत स्वतःच्या मनातली भीती मिसळली आणि सगळ्या लोकांचा धीर खचविला. त्याची शिक्षा म्हणून चाळीस वर्षे रानात काढावी लागली. दोघे मात्र राहाबच्या घरी उतरले, जिवावरच्या प्रसंगातून सुटले आणि एवढीच बातमी घेऊन आले की, त्या देशाच्या लोकांचे धैर्य गळाले आहे. माणसे थोडी, प्रश्न एकच, आणि पाहिले तेवढेच सांगायचे. पाळतीच्या कामाचा हा पहिला धडा आपल्या तोरानेच दिलेला आहे.

पण याहून अवघड असा एक प्रश्न उरतो. पाळत ठेवणाऱ्याने काय पाहावे हे सांगता येते. त्याने स्वतः काय करू नये, हे कोणी सांगावे? आपल्या हाखामांनी हा प्रश्न सान्हेद्रिन ग्रंथात हाताळला आहे. विसाव्या शतकात तोच प्रश्न अमेरिकेतील सांता क्लारा या गावी एका बनावट कंपनीच्या कचेरीत पुन्हा उभा राहिला. त्या प्रकरणाची हकीकत मराठीत फारशी आलेली नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांतील मुले-मुली आज संगणकाच्या धंद्यात आहेत; म्हणून ती सविस्तर सांगावीशी वाटते.

फळबागांचे खोरे

सांता क्लारा हे कॅलिफोर्निया राज्यातील जुने गाव. स्पॅनिश पाद्र्यांनी १७७७ साली तेथे मिशन स्थापन केले आणि त्यावरून गावाला नाव पडले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे सारे खोरे आलुबुखार आणि जर्दाळूच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. पुढे बागा तुटल्या आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आले. इंटेल कंपनी १९६८ साली शेजारच्या माउंटन व्ह्यू येथे निघाली आणि १९७१ मध्ये सांता क्लारा येथे आली. त्याच वर्षी डॉन हॉफ्लर या पत्रकाराच्या लेखांमुळे ‘सिलिकॉन व्हॅली’ हे नाव रूढ झाले.

त्या काळी मोठ्या संगणकांच्या बाजारात आय.बी.एम. या कंपनीचे राज्य होते. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचे सारे हिशेब आय.बी.एम.च्या यंत्रांवर चालत. इतर कंपन्यांनी मग एक युक्ती काढली. आय.बी.एम.च्या यंत्राला जुळेल, त्याच आज्ञावली चालवील, पण किमतीला स्वस्त पडेल असे यंत्र बनवायचे. गिऱ्हाइकाने जुने यंत्र काढायचे, नवे जोडायचे, काम चालूच. आय.बी.एम.मधून बाहेर पडलेल्या जीन अॅमडाल यांनी १९७० साली काढलेली कंपनी याच प्रकारची होती. जपानची हिताची कंपनीही अशी यंत्रे बनवी. यात बेकायदा काही नव्हते. प्रतिस्पर्ध्याचे यंत्र रोख पैसे मोजून विकत घ्यावे, उघडून पाहावे, समजून घ्यावे, हे धंद्याच्या रीतीला धरूनच आहे. अडचण वेळेची होती. आय.बी.एम.ने नोव्हेंबर १९८० मध्ये ३०८१ हे नवे यंत्र जाहीर केले. ते बाजारात येऊन, उघडून, समजून घेईपर्यंत एक-दोन वर्षे निघून जाणार होती आणि तेवढ्यात गिऱ्हाईक हातचे जाणार होते. यंत्राचा आराखडा आधीच मिळाला, तर ती वर्षे वाचत होती.

हा आराखडा ‘अॅडिरॉन्डॅक’ या सांकेतिक नावाच्या सत्तावीस खंडांत लिहिलेला होता. त्यांपैकी काही खंड कंपनी सोडून गेलेल्या एका अभियंत्याबरोबर बाहेर पडले आणि त्यांच्या प्रती हातोहात फिरत जपानला पोहोचल्या.

एक पत्र आणि एक निर्णय

ऑगस्ट १९८१ मध्ये सॅन होजे येथील पॅलिन असोसिएट्स या सल्लागार कंपनीने हिताचीला आपला एक अहवाल देऊ केला. या कंपनीचे प्रमुख मॅक्सवेल पेली हे पूर्वी आय.बी.एम.मध्ये वरच्या जागेवर होते. बाहेरून जे कायदेशीरपणे समजते त्यावरून अभ्यास करून अहवाल लिहिणे, हा त्यांचा व्यवसाय. हिताचीचे ज्येष्ठ अभियंता केंजी हायाशी यांच्याकडून उत्तर आले ते चकित करणारे होते. अॅडिरॉन्डॅकचे काही खंड आमच्यापाशी आलेच आहेत, उरलेले मिळवून देता येतील काय, असा त्याचा आशय होता.

पेली यांच्यापुढे तीन वाटा होत्या. गिऱ्हाइकाला खंड शोधून द्यावेत, गप्प बसावे, किंवा ज्याचे खंड त्याला कळवावे. त्यांनी तिसरी वाट धरली आणि आपल्या जुन्या कंपनीला सांगितले. आय.बी.एम.ने रिचर्ड कॅलहन या सुरक्षा अधिकाऱ्याला कामावर नेमले. ऑक्टोबरमध्ये पेली आणि कॅलहन टोकियोला गेले, हायाशींना भेटले आणि तेथे त्यांना काही खंडांच्या प्रती प्रत्यक्ष पाहायला मिळाल्या. चोरी झाल्याची खात्री पटली.

येथून पुढचे काम एकट्या कंपनीचे राहिले नाही. अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा एफ.बी.आय. त्या सुमारास या खोऱ्यात ‘पेनजेम’ नावाची गुप्त मोहीम चालवीत होती. तिचा मूळ हेतू निराळाच होता. अमेरिकन इलेक्ट्रॉनिक माल चोरवाटांनी सोव्हिएत गोटाकडे जातो आहे असा संशय होता आणि तो बाजार आतून पाहण्यासाठी सांता क्लारा येथे ‘ग्लेनमार असोसिएट्स’ नावाची सल्लागार कंपनी उघडण्यात आली होती. कचेरी, टेलिफोन, टेबल-खुर्च्या सर्व खरे. कंपनी तेवढी खोटी. जाळे विरोधी राष्ट्रासाठी टाकले होते, आणि त्यात शिरली ती मित्रराष्ट्रातील एक नामांकित कंपनी.

तयारी कशी झाली

कामे वाटून दिलेली होती. ओळख करून देणारा माणूस पेली, कारण हिताचीचा विश्वास त्यांच्यावर होता. तांत्रिक कागद ओळखणारा माणूस कॅलहन, कारण कोणता खंड अस्सल आणि कोणता किरकोळ हे पोलिसाला कळणे शक्य नव्हते. ग्लेनमारचा चालक म्हणून वावरणारा माणूस एफ.बी.आय.चा अॅलन गॅरेटसन, ज्याने ‘अल हॅरिसन’ हे नाव घेतले. नोव्हेंबर १९८१ मध्ये लास व्हेगास येथील भेटीत हायाशींची आणि ‘हॅरिसन’ यांची गाठ घालून देण्यात आली आणि पेली हळूहळू बाजूला झाले. याशिवाय यंत्रे चालविणारे, फिती जपणारे, कायदा पाहणारे असे पडद्यामागचे लोक होतेच.

कचेरीत छुपे कॅमेरे आणि ध्वनिमुद्रण यंत्रे बसविलेली होती. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे संभाषणातील एक पक्ष राजी असला, तर न्यायालयाच्या परवान्याशिवायही ते मुद्रित करता येते. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले होते. फितीचा फायदा असा की, कनानहून आलेल्या दहाजणांसारखी स्वतःची भीती वा हौस तिच्यात मिसळता येत नाही. कोण काय बोलले आणि आधी कोण बोलले, ते जसेच्या तसे राहते.

त्याच नोव्हेंबरात तयारीचा एक नमुना दिसला. हिताचीच्या एका अभियंत्याला आय.बी.एम.चे नवे साठवण-यंत्र प्रत्यक्ष पाहायचे होते. ते कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे प्रॅट अँड व्हिटनी या विमान-इंजिनांच्या कारखान्यात बसविलेले होते. कारखान्याशी आधी बोलणे करून, आत जाण्याचा बिल्ला मिळवून, भल्या पहाटे त्या अभियंत्याला आत नेण्यात आले. त्याने यंत्राची छायाचित्रे घेतली. त्याला वाटले आपण चोरवाटेने शिरलो. ती वाट त्याच्यासाठी मुद्दाम उघडी ठेवलेली होती.

पुढील महिन्यांत हायाशींनी कोणत्या गोष्टी आधी हव्यात त्यांच्या याद्या दिल्या, माल थोडा थोडा मिळत गेला, पैसे दिले गेले. हिताचीने दिलेली एकूण रक्कम सहा लाख डॉलरांच्या वर गेली. मित्सुबिशी इलेक्ट्रिक या दुसऱ्या जपानी कंपनीचे लोकही याच दारात आले. २२ जून १९८२ रोजी हायाशी आणि त्यांचा एक सहकारी शेवटचा माल घेण्यासाठी ग्लेनमारच्या कचेरीत आले आणि तेथेच त्यांना अटक झाली. हातकड्या घातलेल्या अभियंत्यांची चित्रे जपानभर दाखविली गेली आणि तेथे संताप उसळला. चोरीपेक्षा आमिषाचीच चर्चा अधिक झाली.

फेब्रुवारी १९८३ मध्ये हिताचीने गुन्हा कबूल केला. कंपनीला १०,००० डॉलर दंड झाला. हायाशींनाही दंड झाला आणि चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडण्यात आले. दोघांपैकी कोणीही तुरुंगात गेले नाही. त्याच वर्षी आय.बी.एम.शी दिवाणी तडजोड झाली आणि हिताचीला खरी किंमत मोजावी लागली ती तेथे. कबुलीमुळे हिताचीचा खटला ज्यूरीपुढे चाललाच नाही, आणि पाळत ठेवणारा कोठपर्यंत जाऊ शकतो या प्रश्नाला त्या खटल्यात उत्तर मिळाले नाही.

सान्हेद्रिन काय सांगते

तोराच्या कायद्यात दोन साक्षीदारांशिवाय मृत्युदंड नाही, आणि गुन्हेगाराला आधी इशारा दिलेला असला पाहिजे. लपून बसून साक्ष गोळा करण्याला हाखामांनी जवळजवळ बंदीच केली. अपवाद एकच : ‘मेसीत’, म्हणजे खाजगीत गाठून आपल्या बांधवाला मूर्तिपूजेकडे वळविणारा. तो चारचौघांत बोलत नाही, म्हणून त्याच्यासाठी साक्षीदार कुंपणामागे बसविण्याची परवानगी आहे. गेमारात तर रचनाही दिलेली आहे. आतल्या खोलीत दिवा लावायचा, साक्षीदार बाहेरच्या अंधारात बसवायचे. त्यांना तो दिसतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण त्याला ते दिसत नाहीत. सांता क्लाराच्या कचेरीतील छुपा कॅमेरा याहून वेगळे काय करीत होता?

पण मिश्नाचे महत्त्व पुढच्या दोन अटींत आहे. पहिली अशी की, ज्याच्याशी बोलणे चालले आहे त्याने नवे आमिष दाखवायचे नाही. तू मला एकांतात जे सांगितलेस तेच पुन्हा सांग, एवढेच म्हणायचे. म्हणजे पहिला शब्द त्या माणसाचा असला पाहिजे. दुसरी अट अशी की, तो बोलल्यावर त्याला थांबवून पाहायचे : आपल्या स्वर्गातील देवाला सोडून आपण असे कसे करावे? तो माघारी फिरला तर ठीक. गोष्ट तेथेच संपते. नाही फिरला, तरच कुंपणामागचे लोक पुढे येतात. साक्षीदार बसविण्याच्या तयारीबरोबर त्या माणसाच्या परतीच्या वाटेची तयारीही करावी लागते.

अमेरिकन कायदा निराळ्या मार्गाने याच ठिकाणी आला. दारूबंदीच्या काळात एका सरकारी माणसाने युद्धातला सोबती म्हणून पुन्हा पुन्हा गळ घालून एकाकडून व्हिस्की मागवली. त्या सॉरेल्स खटल्यात १९३२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, निर्दोष माणसाच्या मनात गुन्हा पेरणे हे सरकारचे काम नाही. पुढे एफ.बी.आय.ने अरब शेखाचे सोंग घेऊन काँग्रेसच्या सभासदांना लाच घेताना पकडले. ‘अॅबस्कॅम’ नावाच्या त्या प्रकरणानंतर देशभर वाद माजला. जानेवारी १९८१ मध्ये अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी गुप्त मोहिमांसाठी लेखी नियम घालून दिले. नाजूक मोहीम आधी समितीपुढे ठेवावी, आणि ज्याला आमिष दाखवायचे त्याला हे कृत्य बेकायदा आहे हे स्पष्ट समजले पाहिजे, असे त्यांत होते. ग्लेनमारची माणसे बोलता बोलता, हा माल चोरीचाच असणार, हे पुन्हा पुन्हा फितीवर आणीत होती. पुरावा पक्का व्हावा हा त्यांचा हेतू असेल. परंतु मिश्नातील इशाऱ्याचेच ते काम करीत होते.

नदीचे दोन काठ

तरीही एक गाठ सुटत नाही. आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये, ही वायिक्राची आज्ञा. हाखाम तिचा अर्थ व्यापक करतात : नाझीराला द्राक्षारसाचा पेला हाती देऊ नये. मग गेमारा विचारते, त्याला तो पेला एरव्ही स्वतः घेता आला असता तर? आणि उत्तर देते की, खरा दोष तेव्हा, जेव्हा दोघे नदीच्या दोन काठांवर आहेत आणि तुझ्या हाताशिवाय पेला त्याच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही.

या मापाने सांता क्लाराचे प्रकरण दोन भागांत पडते. पहिले खंड हिताचीकडे ग्लेनमारशी गाठ पडण्यापूर्वीच पोहोचले होते. ती नदी त्यांनी स्वतः ओलांडली होती. उरलेले मागणारा पहिला शब्दही त्यांचाच होता. एवढ्यापुरते पाळत ठेवणाऱ्यांवर बोट ठेवता येत नाही. पण पुढचा माल, हार्टफर्डचे ते यंत्र, लाखो डॉलरांचे सौदे, हे सारे पाळत ठेवणाऱ्यांच्या हाताशिवाय त्यांना मिळाले असते काय? तेथे पेला पलीकडच्या काठावर होता आणि होडी सरकारची होती. म्हणून त्या अभियंत्यांना दोषी म्हणतानाही, इतके महिने होडी चालविण्याची गरज होती काय, हा जपानी लोकांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता.

मुंबईकडे याच काळात काय रीत होती, तेही पाहण्यासारखे आहे. १९६४ साली मुंबईच्या कॉरोनरने एका डॉक्टराकडे लाच मागितल्याची तक्रार आली. पोलीस अधिकारी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन दुसऱ्या डॉक्टरच्या घरी गेले, त्याच्या परवानगीने ते टेलिफोनला जोडले आणि कॉरोनरचे बोलणे टिपून घेतले. मलकानी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फीत पुराव्यात ग्राह्य धरली, कारण बोलणाऱ्यावर कोणी सक्ती केलेली नव्हती. लाचलुचपतीच्या सापळ्याची मुंबईची पद्धत आपल्यापैकी ज्यांच्या घरी पोलिसातली माणसे होती त्यांना ठाऊक असेलच. दोन पंच बोलवायचे, नोटांचे नंबर टिपायचे, नोटांना पावडर लावायची, ठरलेली खूण समजावून द्यायची. आणि तक्रारदाराला बजावून सांगायचे की, समोरच्याने मागितल्याशिवाय पैसे पुढे करू नकोस. त्या सबंध पंचनाम्यात हे एक वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. १९५६ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूरला सरन्यायाधीश होते, एका निकालात बजावले की, माणूस कितीही वाईट प्रवृत्तीचा असो, कायद्याच्या रक्षकांनी त्याला त्याच्या सहनशक्तीपलीकडचा मोह घालू नये. २०२२ सालीही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच धरले की, मागणी आणि स्वीकार या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्याशिवाय सरकारी नोकराला लाचेसाठी दोषी ठरविता येत नाही.

अर्थात प्रत्येक पाळतीत हा पेच असतो असे नाही. १९६० साली ब्यूनोस आयर्सच्या गारिबाल्दी रस्त्यावर आपल्या माणसांनी आइखमनच्या घरावर नजर ठेवली, तेव्हा गुन्हा घडून गेलेला होता. माणूस तोच आहे ना, एवढेच पाहायचे होते. सांता क्लारात गुन्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच टेबलावर घडत होता. अशा वेळी पाहणाराही थोडासा करणारा होतो. तयारी करावयाची ती याचीच.

आपल्यासाठी

दोन गोष्टी जाता जाता. सांता क्लाराच्या खोऱ्यात जपानी वंशाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करून राहिली होती. १९४२ साली त्यांना काही गुन्हा नसता छावण्यांत कोंडले गेले. चाळीस वर्षांनी जपानी चेहऱ्यांची चित्रे हातकड्यांसह वर्तमानपत्रांत झळकली, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल याची कल्पना परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या घरांना करता येईल. परक्या देशात एकाच्या कृत्याचा डाग सगळ्यांच्या कपड्यावर उडतो.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. या प्रकरणाची सुरुवात टोकियोत झाली नाही. नोकरी सोडताना कागद बरोबर नेले गेले, तेथे ती झाली. तेव्हा धंद्यातील गुपिते चोरण्यासाठी अमेरिकेत वेगळा केंद्रीय कायदा नव्हता, चोरीचा माल वाहून नेण्याच्या जुन्या कायद्यावर काम भागवावे लागले. १९९६ पासून तसा कायदा आहे आणि शिक्षा जबर आहे. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाताना डोक्यातले ज्ञान आपले, पेटीतले कागद मालकाचे, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि कोणी चोरीचे कागद मागितलेच, तर पेली यांच्यापुढच्या तीन वाटा आठवाव्यात. कुंपणामागे कोणी बसले आहे की नाही, हे आपल्याला कधीच कळणार नाही. पण वर पाहणारा डोळा आहे, ऐकणारा कान आहे आणि सारी कृत्ये पुस्तकात लिहिली जातात, हे आपल्याला ‘पिर्के आवोत’मध्ये लहानपणापासून शिकविलेले आहे.